चर्चा: जामीन मिळाला, तरी पोरगा रिमांड होममध्येच?

खाडीकाठचा:
रत्नागिरी जिल्ह्यातल्या मिरकरवाडा, हर्णे अशा मासेमारी बंदरांवर खलाशी नेपाळपासून कर्नाटकापर्यंत कुठून कुठून येतात. त्यांच्यात मिसरूड न फुटलेली पोरंही असतात. चोरी-मारामारीत असा पोरगा सापडला की खरी अडचण सुरू होते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात गुन्हा अजामीनपात्र असला तरी जामीन हाच नियम आहे. नाकारायचा तर बाल न्याय मंडळाने (अशा मुलांची प्रकरणं तेच चालवतं) कारणं लिहायची. पण आईबाप मुलखाबाहेर असताना त्याला न्यायला येणार कोण? जामिनाची अट सात दिवसांत पुरी झाली नाही तर मुलाला पुन्हा मंडळापुढे आणून अट बदलायची, असं कलम १२ सांगतं. हे काटेकोर पाळा. निरीक्षणगृहाच्या, म्हणजे रिमांड होमच्या, भिंती उंच करण्याआधी परिविक्षा अधिकारी (सुटलेल्या मुलावर देखरेख ठेवणारे) नेमा, ही माझी मागणी.

नाट्याची सून:
आणि आमचं काय? जून-जुलैच्या बंदीत कर्ज काढून दिराने नवं जाळं भरलं होतं, ते होडीवरून चोरीला गेलं. पोरगा सापडला आणि आठवडाभरात परत जेटीवर. जाळ्याचे पैसे कोणी दिले? सुधारणा म्हणताना तुम्ही सगळे फक्त त्याच्याकडेच बघता.

चिपळूणकर:
ताईंशी सहमत. पुण्यात मे २०२४ मध्ये अल्पवयीन मुलाच्या गाडीने दोन जीव गेले, आणि त्याला जामीन देताना आधी अट काय, तर ३०० शब्दांचा निबंध! सोळा-सतराच्या मुलाला सगळं कळतं. धाक हवाच.

खाडीकाठचा:
पुण्याच्या त्या मुलाला त्याच दिवशी जामीन मिळाला, कारण हमी द्यायला घरची माणसं उभी होती. बंदरावरचा पोरगा डिझेलच्या कॅनपायी आत राहतो. धाक दोघांना सारखाच बसतो का? बाकी, सोळा ते अठरा वयातल्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला तर मंडळ प्राथमिक मूल्यांकन करतं आणि प्रौढांसारखा खटला चालवायला पाठवूही शकतं. ती वाट कायद्यात आहेच.
ताई, तुमचं दुखणं खरं आहे. कलम १८ खाली मंडळ दंड लावू शकतं, देखरेखीखाली समाजसेवा करायला लावू शकतं. पण हे करून घ्यायलाही माणूसच लागतो.

कोर्टातली:
खाडीकाठचा, तुमच्या मांडणीत एक भोक आहे. आईबाप नाहीत म्हणून पोराला न्यायला येतो तो बहुतेकदा नौकेचा तांडेल (खलाशांचा म्होरक्या) किंवा मालक. पंधराव्या वर्षी त्याला जाळं ओढायला लावणाऱ्याच्याच हाती परत द्यायचं? सुटकेने मूल धोक्यात येणार असेल तर जामीन नाकारता येतो, तो याचसाठी. अशा वेळी मी निरीक्षणगृहच मागेन. मात्र चौकशी चार महिन्यांत, फार तर आणखी दोन महिन्यांत संपलीच पाहिजे. किरकोळ गुन्हा असेल तर त्यानंतर प्रकरण बंदच होतं.

खाडीकाठचा:
मालकाकडे नकोच, हे मान्य. कायदा 'योग्य व्यक्ती'कडे, म्हणजे मुलाची जबाबदारी घ्यायला तयार आणि मंडळाने तपासलेल्या माणसाकडे, सोपवायला परवानगी देतो. मच्छीमार सोसायटीने गावातली दोन-चार घरं सुचवावीत, मंडळाने तपासावीत.

नाट्याची सून:
सोसायटीच्या सभेत हा विषय मी काढते. पण त्याच ठरावात जाळं-इंजिन गेलेल्याच्या भरपाईचंही लिहायचं. ते नसेल तर आमच्या वाडीतलं एकही घर पुढे येणार नाही.