सत्तरच्या दशकातली पद्मिनी : आहे तशी घ्यावी की नवी करून घेतलेली?

पुण्याहून, चर्चेची सुरुवात

१९७४ सालची एक प्रीमियर पद्मिनी विकत घेण्याचा माझा विचार पक्का होत आला आहे. गाडी सोलापूर जिल्ह्यातल्या एका वाड्याच्या पडवीत उभी आहे आणि पहिल्यापासून एकाच कुटुंबाकडे आहे. रंग कारखान्यातला आहे, पण बॉनेटवर उन्हाने विटला आहे. पुढची सलग सीट शिवणीपाशी उसवली आहे, आणि दोन वर्षांत इंजिन सुरू केलेले नाही. ओळखीच्या सर्वांचे म्हणणे एकच आहे, की थोडे जास्त पैसे घालून एखादी चकचकीत, पूर्ण नवी करून घेतलेली गाडी घ्यावी. मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते सविस्तर मांडतो.

ज्या गाडीला कोणी हात लावलेला नाही, ती गाडी खोटे बोलत नाही. कुठे पत्रा ठोकला आहे, कुठे गंज धरला आहे, हे सारे डोळ्यांना दिसते. नव्याने रंगवलेल्या गाडीत मात्र लांबीच्या, म्हणजे पत्र्यातले खड्डे बुजवणाऱ्या लुकणाच्या, थराखाली काय दडले आहे, हे विकणाऱ्यालाही अनेकदा ठाऊक नसते. शिवाय या गाडीतल्या यांत्रिक गोष्टी पुन्हा उभ्या करता येतात. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे साधे इंजिन आहे, पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर उघडून साफ करता येतो, आणि जुने फिटर अजून सापडतात. मूळ रेक्झिन, दाराच्या आतले पॅनेल, डॅशबोर्डवरची अक्षरे या गोष्टी एकदा काढून फेकल्या, की त्या जशाच्या तशा परत मिळत नाहीत. कुर्ल्याच्या कारखान्यात ज्या हातांनी ही गाडी जोडली त्यांचे काम तिच्यात अजून शाबूत आहे, आणि ते पुसून टाकण्याचा अधिकार मला आहे असे वाटत नाही.

रत्नागिरीहून प्रतिसाद

आपली भावना मी समजू शकतो, कारण याच भावनेपोटी मी सहा वर्षांपूर्वी १९७६ ची पद्मिनी आहे तशी घेतली होती. तीही एकहाती होती आणि तिचाही रंग मूळचाच होता. घरी आणल्यावर ड्रायव्हरच्या पायाखालचे रबरी मॅट उचलले, तर खालचा पत्रा पापडासारखा झालेला होता आणि पेचकस जरासा टेकवताच आरपार गेला. पुढच्या आठवड्यात चाक काढण्यासाठी जॅक लावला, तेव्हा गाडी वर उचलली जाण्याऐवजी दाराखालची पट्टीच आत दबली आणि त्या बाजूचे दार नीट लागेनासे झाले.

आपण "गाडी खोटे बोलत नाही" असे म्हणता, पण गंज वरून खाली येत नाही, तो खालून वर येतो. या गाडीला जीपसारखी वेगळी चॅसी नाही. बॉडीचा पत्राच तिचा सांगाडा आहे. तळ, दाराखालच्या पट्ट्या आणि चाकांवरच्या कमानी कुजल्या, तर इंजिन कितीही सुरेल वाजले तरी गाडी सुरक्षित राहत नाही. माझ्या गाडीच्या डेंटिंगचा खर्च तिच्या किमतीच्या दुपटीच्या पुढे गेला. त्याच पैशांत मला अशी गाडी मिळाली असती, जिच्या मालकाने पत्रा उघडा करून काम केल्याचे टप्प्याटप्प्याचे फोटो जपून ठेवले होते. मी ती नाकारली, आणि हे मला आजही सलते.

दुसरी गोष्ट ब्रेकची. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, आणि दोन वर्षे उभ्या असलेल्या गाडीत व्हील सिलिंडर, म्हणजे चाकातले ब्रेक दाबणारे भाग, जाम झालेले असतातच असे समजून चालावे. भरीला आजचे पेट्रोल २० टक्के इथेनॉलचे आहे. त्या काळचे रबरी पाइप आणि गाडीच्या इंधन पंपातला पडदा यांना ते मानवत नाही.

नागपूरहून प्रतिसाद

आपल्या दोघांच्या मुद्द्यांमध्ये कायद्याची बाजू राहून गेली आहे, आणि ती येथे निर्णायक ठरू शकते. जुलै २०२१ मध्ये केंद्राने केलेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या खाजगी दुचाकी व चारचाकींना व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळू शकते. मात्र त्यासाठी गाडी मूळ रूपात असावी लागते, आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा लागतो. म्हणजे दुसऱ्या मॉडेलचे इंजिन बसवून "नवी" केलेली गाडी या दारातून आत जाऊच शकत नाही. १९७४ ची गाडी आज वयाने पात्र आहे, आणि आहे तशी ठेवण्याचा हा एक ठोस फायदा आहे.

परंतु अशा नोंदणीनंतर गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी ती बाहेर काढता येते. ते नको असेल, तर नेहमीप्रमाणे दर पाच वर्षांनी आरटीओत तपासणी करून नूतनीकरण करावे लागते आणि आपल्या राज्यात पर्यावरण करही भरावा लागतो. आधी आरसी बुक पाहावे, इंजिन आणि चॅसीचे क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी पडताळावेत, आणि मगच गंजाची चर्चा करावी.

मुंबईहून प्रतिसाद

माझे वडील तीस वर्षे काळी-पिवळी चालवत होते, म्हणून मला या चर्चेतली दोन्ही टोके थोडी परकी वाटतात. आमच्या घरी पद्मिनी मूळ आहे की नाही हा प्रश्न कधी कोणाला पडला नाही. क्लच प्लेट गेली की बदलली, पावसाळ्याआधी खाली काळे ऑइल मारले, सीट फाटली की माहीमच्या एका कारागिराकडून नवी शिवून घेतली. स्टिअरिंगच्या दांडीवरचा गिअर वडील दोन बोटांनी टाकत, आणि तो आवाज ऐकून आईला खालून गाडी वळल्याचे कळत असे. २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेवला नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मर्यादा संपून २०२३ च्या ऑक्टोबरात बंद झाली. त्या गाड्या शेवटपर्यंत धावल्या, याचे कारण त्यांना रोज हात लागत होता.

म्हणून माझे मत असे, की उसवलेली सीट तशीच ठेवून गाडी पडवीत जपणे हे तिच्यावर प्रेम करणे नव्हे. ही सामान्य कुटुंबाची, काटकसरीची गाडी होती. ती व्हिंटेज ठरवून वर्षातून दोनदा रॅलीला नेण्यापेक्षा हवे ते भाग बदलून तिला चालती ठेवावी.

पुण्याहून, पुन्हा

रत्नागिरीच्या प्रतिसादानंतर मी काल पुन्हा सोलापूरला जाऊन आलो. सोबत पेचकस आणि फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक नेले होते. चुंबक सगळीकडे चिकटले, फक्त डाव्या मागच्या कमानीवर तळहाताएवढ्या जागी निसटले. तिथे लांबी आहे, म्हणजे गाडीला कोणीच हात लावलेला नाही हे माझे गृहीत चुकीचे होते, हे मान्य करतो. पायाखालचा पत्रा मात्र ठणठणीत निघाला. तिकडची कोरडी हवा कोकणापेक्षा पत्र्याला मानवते, आणि आपल्या अनुभवातला हा फरक मी आधी लक्षात घ्यायला हवा होता. आरसी बुकातले दोन्ही क्रमांक जुळले.

मुंबईच्या मित्रांशी मी अर्धा सहमत आहे. गाडी चालली पाहिजे, म्हणून मी व्हिंटेज नोंदणी करणार नाही. सीट मात्र नवी शिवणार नाही. उसवलेली शिवण त्याच भोकांतून पुन्हा घालून घेईन, आणि रंगाला फक्त पॉलिश करीन.

रत्नागिरीहून, पुन्हा

सीट आणि पॉलिश नंतर पाहावे. त्या कमानीची लांबी खरवडून खालचा पत्रा उघडा केल्याशिवाय विसार देऊ नये, असे माझे अजूनही ठाम मत आहे. गाडी घेतलीच, तर ती चालवत पुण्याला आणू नये. ब्रेकचा मास्टर सिलिंडर आणि चारही व्हील सिलिंडर उघडेपर्यंत ती टेम्पोवरच आणावी. स्पार्क प्लग काढून इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडावे, आणि इंजिन हाताने फिरते आहे याची खात्री झाल्यावरच स्टार्टर द्यावा.