सिनेमासाठी टीव्ही: १२० हर्ट्झला जादा पैसे मोजावेत का?

भिंतीवरचा_कोळी
५५ इंची घ्यायचाय, बघणार मुख्यतः सिनेमे. दुकानदार म्हणतो ६० हर्ट्झ पुरे, म्हणजे पडद्यावर सेकंदाला ६० वेळा चित्र उमटतं. मला नाही पटत. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा. ६०ला २४ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक चित्र तीनदा, पुढचं दोनदा दाखवावं लागतं. कॅमेरा संथ आडवा फिरला की इमारतींच्या कडा अडखळत सरकतात. १२०वर प्रत्येक चित्र बरोब्बर पाचदा, हिशेब मिटला. १२०च घ्यावा.

उकडीचा_मोदक
असहमत. पाचदा दाखवा नाहीतर पन्नासदा, चित्रं २४च राहतात. संथ कॅमेऱ्यात धक्के १२०वरही दिसतात. ओएलईडी प्रकारच्या पडद्यावर तर जास्तच, तिथे पिक्सेल क्षणात बदलतो, आधीचं चित्र रेंगाळत नाही. वाचलेले पैसे स्पीकरला घाला.

पेन्शनर_६२
तुम्ही दोघं भागाकारातच अडकलात! माझ्या ६०वाल्यावर मोशनचा पर्याय चालू केलाय. लोण्यासारखं चालतं. क्रिकेटही झकास.

उकडीचा_मोदक
काका, तेच तर नको! दोन चित्रांच्या मधलं तिसरं टीव्ही स्वतःच्या मनाने रंगवतो. बोलणाऱ्याने हात हलवला की बोटांभोवती पाण्यासारखी कड थरथरते, आणि सिनेमा सातच्या मालिकेसारखा दिसतो. टॉम क्रूझने डिसेंबर २०१८मध्ये 'हे बंद करा' म्हणून व्हिडिओ टाकला होता.

पेन्शनर_६२
त्याचं काय जातंय सांगायला. २०१२चा 'हॉबिट' सिनेमा सेकंदाला ४८ चित्रांनी आला, तेव्हाही हीच ओरड. सवयीचा प्रश्न आहे.

उकडीचा_मोदक
ती ४८ कॅमेऱ्याने टिपलेली होती हो, टीव्हीने रंगवलेली नव्हती.

तारांचा_गुंता
कोळीभाऊ, टीव्ही १२०चा आणून त्याला इंटरनेटवरचे सिनेमे दाखवणारी स्टिक लावणार असाल तर आधी तिची सेटिंग बघा. ती ६०वर अडकलेली असेल तर तीन-दोनचा घोळ तिथूनच सुरू होतो. काही टीव्ही तो निस्तरतात, सगळे नाही. फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) सिनेमाशी जुळवायचा पर्याय चालू करा. आणि २०१९ साली जाहीर झालेला फिल्ममेकर मोड आहे का तेही बघा, मोशनची भानगड तो आपोआप बंद करतो.

भिंतीवरचा_कोळी
हे कामाचं. पेनड्राइव्हवर सिनेमाची श्रेयनामावली घेऊन दुकानात जातो. अक्षरं वर सरकताना अडखळतात का, डोळ्यांनीच कळेल. मत मात्र १२०च.

पेन्शनर_६२
मोशन बंद करून बघितलं. नातवाला फरक लगेच कळला, मला नाही. मॅच लागली, परत चालू केलं.