'पिक अप'ला उचलणे सोडून मराठीत काय काय म्हणता?

काल भाच्याचा इंग्रजीचा होमवर्क घेत होते, सातवीत आहे. वाक्य होतं "शी पिक्ड अप अ कोल्ड" आणि पठ्ठ्याने वहीत लिहिलं "तिने सर्दी उचलली". मला हसू आवरेना, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईचा आवाज, "सर्दी काय उचलायची वस्तू आहे का रे, ती होते!" तर हा माझ्याकडेच वळला, मावशी तूच तर मागच्या आठवड्यात सांगितलंस पिक अप म्हणजे उचलणे. आता काय बोलणार.

रात्री झोप येईना म्हणून आठवतील तेवढे अर्थ मोबाईलवर टाईप करत बसले. गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त ठिकाणी आपलं उचलणे चपखल बसतं. फोन उचलणे. पोलिसांनी पहाटे दोघांना उचललं. हॉटेलचं बिल कोण उचलणार (उचलत कोणीच नाही, सगळे एकदम खिसे चाचपतात). लहान मुलं भाषा किती पटकन उचलतात. कीर्तनात बुवा ओळ सोडतात आणि टाळकरी ती उचलतात, हेसुद्धा पिक अपच झालं. म्हणजे दोन्ही भाषांना एकमेकींना न विचारता तेच सुचलं, मला हे फार आवडलं.

पण उरलेल्या निम्म्याचं काय? सवय पिक अप करणे, तब्येत पिक अप होणे, पावसाने पिक अप घेणे, दुकानातून दूध पिक अप करणे. इथे उचलणे घातलं की वाक्य लंगडतं. तुम्ही काय म्हणता ते सांगा, डिक्शनरीतलं नको, बोलण्यातलं सांगा.

*

दुधाचं एकदम पटलं. 'येताना दुकानातून दूध उचलून आण' म्हटलं तर पैसे न देता पळून ये असंच वाटतं, उगाच नाही आपल्याकडे उचलेगिरी म्हणत. घेऊन ये म्हणायचं, विषय संपला. पण मी नाशिककडचा, आमच्याकडे व्यापारी 'माल उचलला' म्हणतो तेव्हा तो रोख मोजून गाडी भरून घेतलेला असतो, तिथे चोरीचा संशय कोणाला येत नाही. म्हणजे पिशवीभर उचललं तर चोर आणि गाडीभर उचललं तर शेठ.

धंदा पिक अप झाला ह्यालाही मार्केटमध्ये शब्द आहे, उठाव. कांद्याला उठाव नाही, दोन दिवसांनी उठाव येईल, असं रोज कानावर पडतं. उचलणे नाही, उठणे! कोणी उचललं नाही, माल आपला आपण उठला.

आणि ऊसतोडीतली उचल विसरू नका. मुकादम कोयत्यामागे (कोयता म्हणजे तिथे नवराबायकोची जोडी) हंगामाआधी जी रक्कम देतो ती उचल, पुढे सगळा हंगाम ती फेडण्यात जातो. हिला पिकअप म्हणून बघा.

*

उठावचा मुद्दा बरोबर आहे, त्यालाच जोडून लिहिते. मी बरीच वर्षं भाषांतराची कामं करतेय आणि माझा ठोकताळा असा की आधी वाक्यात कर्ता कोण ते बघायचं. माणूस मुद्दाम काहीतरी घेतोय तर उचलणे, आणणे, घेणे. गोष्ट आपणहून वर येतेय तर मराठीत धरणे येतं, म्हणजे पावसाने जोर धरला, गाडीने वेग धरला, बाळाने बाळसं धरलं. आजारपणातून उठलेल्या माणसाची तब्येत पिक अप झाली तर 'आता जरा अंग धरलंय' म्हणतो की नाही आपण?

आणि तिसरी जागा, जिथे इंग्रजी माणूस बिचारा सर्दी पिक अप करतो, सवय पिक अप करतो, तिथे मराठी माणूस काहीच करत नाही! त्याला सर्दी होते, खोकला लागतो, सवय लागते, व्यसन जडतं. सगळं त्याला येऊन चिकटतं, हा बसलाय नुसता. तुमच्या आईंनी एका वाक्यात जे सांगितलं ते हेच, फक्त मी पाच ओळी घेतल्या.

सगळ्यात छळतं ते 'पिक अप ऑन'. समोरच्याच्या बोलण्यातला सूक्ष्म बदल जाणवणे. हेरणे म्हटलं की गुप्तहेर डोळ्यापुढे येतो, ओळखणे फार सपाट आहे. मी बहुतेक वेळा टिपणे वापरते, 'तिच्या आवाजातला थकवा त्याने लगेच टिपला'. चांगला शब्द आहे, पक्षी दाणा टिपतो तसा. आणि नुसत्या 'पिक'ला तर मराठीत चंगळ आहे, कापूस वेचायचा, फुलं खुडायची, आंबे उतरवायचे, मेथी निवडायची, इंग्रजी सगळीकडे एकच पिक घेऊन फिरते.

*

व्याकरणाचं थोडं, कारण मुलांचे मार्क इथेच जातात. नाम असेल तर मधे किंवा शेवटी दोन्हीकडे चालतं, पिक अप द बुक आणि पिक द बुक अप. पण सर्वनाम आलं की मधेच बसवायचं, पिक इट अप. 'पिक अप इट' कधीच नाही. आणि क्रियापद असताना दोन शब्द तोडून, नाम झालं की जोडून. 'प्लीज पिकअप द फोन' असं जोडून लिहिलेले मेसेज आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर रोज चार येतात.

दुसरं म्हणजे आपण अप खाऊन टाकतो. 'आय विल पिक यू ॲट सेव्हन' म्हणजे सात वाजता मी तुला निवडीन, स्वयंवर आहे का. मी बाहेरगावी नवीन असताना एका सहकारी बाईंना हे म्हणालो होतो, त्या दोन सेकंद नुसत्या बघत राहिल्या. मग अप घातलाच पाहिजे हे शिकलो, तर कोणीतरी सांगितलं की बारमध्ये अनोळखी मुलीला पटवणे हेसुद्धा पिक अपच, पिकअप लाईन त्यातलीच. म्हटलं आता मी काही न बोलता नुसती गाडी घेऊन उभा राहतो.

जाता जाता, फ्रेझल व्हर्ब (पिक अपसारखी, क्रियापदाला अप-ऑन असा छोटा शब्द जोडून झालेली जोडी) हे नाव छापात आलं १९२५ साली, लोगन पिअरसॉल स्मिथ ह्यांच्या लिखाणात, आणि ते त्यांना सुचवलं ऑक्सफर्ड डिक्शनरीचे संपादक हेन्री ब्रॅडली ह्यांनी. त्याच १९२५ मध्ये फोर्डने मॉडेल टी ला मागे उघडा हौदा लावून पिकअप म्हणून विकायला काढली, किंमत २८१ डॉलर. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण साल एकच आहे म्हणून डोक्यात राहिलंय.

*

फोर्ड राहू द्या, आमच्या गावात पिकअप म्हणजे महिंद्राची बोलेरो पिकअप, दुसरा अर्थच नाही. "पिकअप सांगितलीय का?" म्हणजे टोमॅटो न्यायला गाडी ठरवली का. लग्नाला माणसं पण त्यातच.

आणि गॅरेजमधला पिकअप वेगळाच. "गाडीला पिकअप नाही" म्हणजे ॲक्सिलरेटर पिळला तरी गाडी उठत नाही. मेस्त्री आधी एअर फिल्टर काढून झटकतो, मग क्लच प्लेटवर येतो, आणि क्लच प्लेट म्हटलं की आपणच घाम पुसतो. ह्याला मराठी शब्द शोधायला जाऊ नका कोणी, मेस्त्रीला 'गाडीला त्वरण नाही' म्हणालात तर तो दुसरंच काहीतरी खोलून ठेवेल.

*

सगळ्यांचे आभार. भाच्याला तो तीन जागांचा हिशोब समजावला, त्याला कळला. मग म्हणतो, "मावशी, मग आजी माझा पसारा उचलते ते पण पिक अप ना?" हो म्हटलं, पिक अप आफ्टर, कोणाच्या तरी मागे मागे आवरत फिरणे. आई आतून, "इंग्रजी राहू दे, आधी ते सॉक्स उचल."

एक सांगायचं राहिलं. आमच्या कोकणात रस्त्याकडेच्या एसटीच्या शेडला सगळे पिकअप शेड म्हणतात, बोर्डावर मात्र ठळक अक्षरात 'प्रवासी निवारा'. मे महिन्यात गेले होते तेव्हा कंडक्टरला हौसेने म्हटलं, निवाऱ्यापाशी थांबवा. तो म्हणाला, "कुठला निवारा? पिकअपला ना?"