वजन ११८ किलो, १०० सीसीची गाडी, बजेट ३ हजार: पाठीला बसणारे दणके कसे कमी करू? (सांगली)

तासगावरोड
नमस्कार मंडळी. मी ठिबकच्या सर्व्हिसचं काम करतो. सांगलीहून तासगाव, मणेराजुरी, सावळज, कधी कवठेमहांकाळपर्यंत बागांवर जावं लागतं. दिवसाला ७०-८० किलोमीटर होतात. उंची ५ फूट ८ इंच, वजन ११८ किलो, वर पाठीवर हत्यारांची ९-१० किलोची बॅग. गाडी २०१७ ची, १०० सीसी, ६४ हजार किलोमीटर झालेली.

गतिरोधकावर किंवा खड्ड्यात मागून थाडकन आवाज येतो आणि दणका थेट माकडहाडात जातो. तासाभरानंतर सीटवर बसवत नाही, संध्याकाळी हाताची बोटं बधिर होतात. एका गॅरेजमध्ये विचारलं तर "आधी वजन कमी करा" एवढंच सांगितलं. वजनाचं चालू आहे, सहा महिन्यांत ७ किलो उतरलंय. पण छाटणी सुरू झाली की रोज बागेत जावंच लागणार. घराचा हप्ता चालू असल्यामुळे नवी गाडी आत्ता शक्य नाही. मोठे शॉकअप टाकू की सीट करून घेऊ? शक्यतो आपल्यासारख्या वजनाच्या माणसानं स्वतः केलेलं सांगा.

कऱ्हाडचा मिस्त्री
दादा, आधी फुकटात होणाऱ्या गोष्टी करून बघा, मग पैशाचं बघू. ११८ किलोचा माणूस आणि १० किलोची बॅग म्हणजे गाडीच्या हिशेबानं तुम्ही जवळजवळ डबलसीट चालवताय, आणि सेटिंग मात्र एकट्याचं असणार.

हवा सकाळी टायर थंड असताना तपासा. चेन कव्हरवर किंवा चिमट्यावर (मागचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांवर) स्टिकर असतो, त्यावर मागच्या टायरसाठी दोन आकडे असतात, एक एकट्याचा आणि एक डबलसीटचा. तुम्ही डबलसीटच्या आकड्याच्या जवळ राहा. पंक्चरवाला अंदाजानं भरतो, म्हणून आकडा स्वतः सांगा. हवा कमी असली तर रिमवर मार बसतो, वाट्टेल तेवढी जास्त भरली तर दगड न् दगड पाठीला कळतो.

मग शॉकअपच्या स्टेप बघा. स्प्रिंगच्या खाली खाचांची रिंग असते, बहुतेक गाड्यांना पाच खाचा. हुकाच्या पान्यानं फिरवायची. आधी चिखल धुऊन, तेलाचा फवारा मारून, गाडी मधल्या स्टँडवर घेऊन फिरवा. दोन्ही बाजूंची खाच एकच हवी, एकीकडे दोन आणि दुसरीकडे चार ठेवून गाडी कधीच चालवू नका. एक नीट समजून घ्या: खाच वाढवली म्हणून स्प्रिंग कडक होत नाही. गाडीचा मागचा भाग वर उचलला जातो आणि खाली जायला जागा मिळते. तुमचा थाडकन आवाज ती जागा संपल्याचा आहे.

आणखी एक. गाडी मधल्या स्टँडवर असताना मागचं चाक दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे हलवून बघा. कटकट लागली तर चिमट्याच्या सांध्यातले बुश किंवा चाकाचे बेअरिंग गेलेत. ६४ हजारांत बुश जाणारच. शॉकअपच्या दांड्यावर तेलाचा ओलावा दिसतोय का तेही सांगा.

कृष्णाकाठ
मी ११२ किलो, गाडी १२५ सीसी. दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन बघून स्प्रिंगच्या वेटोळ्यात घालायचे रबरी बफर घेतले होते. आपटणं कमी झालं, पण गाडी इतकी ताठ झाली की पाठ आणखी दुखायला लागली. महिन्यात काढून टाकले. ते पैसे वाचवा.

मिरजेचा सीटवाला
घरचं सीट कव्हरचं दुकान, वडिलांपासून हेच काम. सीटबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण जड माणसाच्या सीटमध्ये लोकांचे पैसे हमखास वाया जातात.

गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "एकदम मऊ करून द्या." दुकानात दोन मिनिटं बसून बघितलं की छान वाटतं. पण मऊ फोम ११८ किलोखाली अर्ध्या तासात चेपतो आणि मग माणूस खालच्या प्लास्टिकच्या पाटावरच बसलेला असतो. तुमच्या सीटवर गुडघा ठेवून पूर्ण भार द्या. पाट हाडाला लागला तर फोम संपला.

तुम्हाला खाली रिबॉन्ड फोम हवा. फोमचे बारीक तुकडे दाबून केलेला, रंगीबेरंगी दिसतो, हाताला घट्ट लागतो. त्यावर फक्त एक इंच मऊ थर. दुसरं म्हणजे उतार. बऱ्याच गाड्यांची सीट टाकीकडे उतरती असते. जड माणूस घसरत पुढे येतो, हातांवर रेलतो आणि बोटं बधिर होतात. बसायची जागा सपाट करून घ्या, मागच्या बाजूला दीड-दोन इंच रुंद करा. टाकीजवळचा भाग रुंद करू देऊ नका, नाहीतर सिग्नलला पाय टेकताना मांड्या फाकतील. सगळी सीट मिळून एक इंचापेक्षा जास्त उंच करू नका.

कव्हर गुळगुळीत रेक्झिनचं नको, दाणेदार घ्या. आतून प्लास्टिकचा कागद लावायला सांगा, शिलाईतून पावसाचं पाणी फोममध्ये गेलं की सीट आठवडाभर ओली राहते. माझ्याकडे या कामाचे ८०० ते ९०० रुपये होतात. दुसरीकडे करणार असाल तर कारागिराच्या समोर बसून करून घ्या. फोम तासला की सीटवर बसून बघायचं, पुन्हा तासायचं, आणि मग कव्हर चढवायचं.

जत_पूर्वभाग
दादा, मी बाई माणूस, वजन ९६, स्कूटरवर वाड्या-वस्त्या फिरते. माझा अनुभव बॅगेचा. पाठीवरची बॅग सोडली आणि निम्मी पाठदुखी गेली. बॅगेचं वजन खांद्यावरून मणक्यात आणि तिथून सीटवर येतं. हत्यारं मागच्या सीटवर पट्ट्यानं बांधा किंवा दोन बाजूंना झोळ्या करा, दोन्हीकडे सारखं वजन ठेवून. मागच्या खिशातलं पाकीटही काढा, एका बाजूला कंबर तिरकी होते.

आणि पायाला मुंग्या येत असतील किंवा कंबरेतून कळ पायात उतरत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. मी ते चार महिने लांबवलं, तुम्ही लांबवू नका.

तासगावरोड
सगळ्यांचे मनापासून आभार. पायाला मुंग्या नाहीत ताई, फक्त हाताला. पाकीट आजच पुढच्या खिशात आलं.

बघितलेलं सांगतो. मागची हवा होती २२! स्टेप दुसऱ्या खाचेवर. चाक हलवलं तर कटकट लागते. डाव्या शॉकअपच्या दांड्यावर तेल आहे. सीटवर गुडघा ठेवला तर पाट लागतो.

कऱ्हाडचा मिस्त्री
मग आता मोजून काम करू. मधल्या स्टँडवर मागचं चाक हवेत असताना चाकाच्या नटापासून सरळ वर सीटखालच्या एका खुणेपर्यंत अंतर घ्या. मग स्टँड काढून बॅगेसकट बसा, दोन्ही पाय फूटरेस्टवर, एकानं गाडी धरायची, दुसऱ्यानं तेच अंतर मोजायचं. दोन्हीतला फरक म्हणजे गाडी किती बसते ते. अशा गाड्यांचं मागचं चाक साधारण ८ ते १० सेंटिमीटर वर-खाली होतं, त्यातलं एक तृतीयांश बसण्यात गेलं तर ठीक.

तासगावरोड
मोजलं, मुलगा आणि शेजारी मदतीला. दुसऱ्या खाचेवर ५२ मिलिमीटर. पाचव्यावर ४१. हवा स्टिकरप्रमाणे केली. एवढ्यानंच गाडी बरीच सुधारली, पण मोठ्या खड्ड्यात अजून टेकते.

कऱ्हाडचा मिस्त्री
शेवटच्या खाचेवर ४१ म्हणजे स्प्रिंग थकली, आणि डावा शॉकअप गळतोय म्हणजे तोही गेला. नवी जोडी घ्या, तुमच्याच मॉडेलची ओरिजिनल. एकच बदलू नका. दीडशे सीसीचे गॅसचे शॉकअप बसवायचा मोह होईल, पण वरच्या डोळ्यापासून (बोल्टच्या भोकापासून) खालच्या डोळ्यापर्यंतची लांबी जुळली नाही तर चेन घासते आणि स्टँड नीट लागत नाही. बुश त्याच वेळी बदला, चिमटा उघडलेला असतोच.

आणि हे माझं ऐकाच: मागचे ब्रेक लायनर बघितल्याशिवाय सीटला पैसे घालू नका. एवढं वजन थांबवायचं काम त्यांचं आहे. टायर बदलायची वेळ येईल तेव्हा बाजूवरचा भाराचा आकडा वाचा. ४७ म्हणजे १७५ किलो, ५४ म्हणजे २१२ किलो. मागे ५४ च हवा. शॉकअप बदलल्यावर चेनची ढील तुम्ही बसलेले असताना तपासून घ्या.

कृष्णाकाठ
हातासाठी एक फुकटातलं. हँडलवरचे क्लच-ब्रेकचे लिव्हर जरा खाली फिरवून घ्या, बोटं आणि मनगट एका रेषेत येतील असे. एका पान्याचं काम आहे. माझी बोटं त्यानंच सुधारली.

तासगावरोड
तीन आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफ करा, छाटणी जोरात होती. हिशेब देतो, पुढच्या कुणाला उपयोगी पडेल. शॉकअपची जोडी १६५०, चिमट्याचे बुश मजुरीसकट ३२०, मागचे लायनर १८०, सीट ८५०. एकूण बरोबर ३ हजार. लिव्हर मीच फिरवले. सीट मिरजेत समोर बसून केली, कारागिरानं तीनदा तासली.

चौथ्या खाचेवर आता ३३ मिलिमीटर बसते. काल सावळजहून अंधारात आलो, एकदाही टेकली नाही. एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. पूर्वी रात्री समोरचे सारखे अप्पर-डिपर मारायचे आणि मला कारण कळायचं नाही. मागून गाडी इतकी बसायची की माझा लाईट त्यांच्या डोळ्यांत जायचा. आता कुणी मारत नाही, आणि मलाही रस्ता जवळचा दिसतो.

पुढचा फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचे शॉकअप, मात्र ब्रेक मारला की खूप डुबतो. ऑइल कधी बदललेलं आठवत नाही.

कऱ्हाडचा मिस्त्री
बदललेलंच नसणार. पुढच्या पगाराला ऑइल आणि दोन्ही ऑइल सील करून घ्या. दोन्ही नळ्यांत मापानं सारखंच ऑइल घालायला सांगा. जास्त घातलं तर सील फुटतं. तोवर पुढचा ब्रेक एकदम न दाबता दोन्ही ब्रेक मिळून मारा, ओल्या रस्त्यावर तर नक्कीच.