शब्दचर्चा : ‘ॲक्सेप्टन्स’ म्हणजे स्वीकार, पत्करणं की आणखी काही?

मामांचं (खानापूर तालुका) पीएसए, म्हणजे पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीतलं रक्तात मोजतात ते द्रव्य, वाढलं म्हणून कॅन्सरच्या शंकेनं बेळगावात दाखवलं. डॉक्टर म्हणाले, बायोप्सी करूया. इथं एक ट्रायल चालू आहे, त्यात येताय का बघा. ट्रायलचा संमतीचा कागद एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. मराठीत सांगायचं काम माझ्याकडं आलं आणि तिथंच अडकलो.

पीएसए ही चाचणी, बायोप्सी ही चाचणी, ट्रायल हीसुद्धा चाचणी. मामा म्हणाले, “नापास झालो तर काय गा?” खरं तर इथं परीक्षेला बसते ती पद्धत. गुदमार्गातून सुई घालायची की वृषणामागच्या कातडीतून, कुठली बरी ते बघायचं. कुणाच्या वाट्याला काय, ते डॉक्टर ठरवत नाहीत. ‘रँडम’साठी छापतात तो ‘यादृच्छिक’ शब्द बाजूला ठेवून मी ‘चिठ्ठी टाकतात’ म्हटलं. भिशीमुळं लगेच कळलं, पण “मग कुठली चिठ्ठी लागली की फायदा?” हा प्रश्न आलाच. ते ठाऊक असतं तर चाचणी कशाला!

बायोप्सीला ‘जीवोतक परीक्षा’ असं कुणी बोलत नाही. आपल्याकडं ‘तुकडा काढून पाठवलाय’ म्हणतात. पण सुईतून निघतात ते धाग्यासारखे, साधारण १२. तुकडा म्हटल्यावर मामांच्या डोळ्यापुढं भाकरी आली असणार.

खरी अडचण पुढं. रिपोर्टची वाट बघताना झोप उडाली, तेव्हा समुपदेशक ताईंनी ‘ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी’ या मानसोपचाराच्या पद्धतीचं नाव काढलं. याला मराठीत काय म्हणायचं?

प्रतिसाद, निपाणी : ‘स्वीकार आणि वचनबद्धता उपचार’ असं छापलेलं दिसतं. वचनबद्धता म्हणजे निवडणुकीचा जाहीरनामा! त्यापेक्षा ‘वसा’ घ्या. उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको. आपल्याला मोलाचं काय ते ठरवायचं आणि भीती असतानाही ते करत राहायचं, हा अर्थ त्यात बसतो.

प्रतिसाद, बेळगाव शहापूर : कन्नड बाजूला ‘ओप्पिगे’ असेल. संमतीलाही तेच, कबूल होण्यालाही त्याच्याच जवळचं. आपण मराठीत दोन्हींना ‘मान्य’ म्हणून मोकळे होतो. सही करताना मान्य आणि आजार मान्य, यांत फरक राहिला पाहिजे. कागदाला ‘संमती’च ठेवा. उपचाराला ‘पत्करणं’ कसं वाटतं? जोखीम पत्करतो ती जाणूनबुजून.

प्रतिसाद, चिक्कोडी : पराभवही पत्करतात, शरणागतीही. आणि ही पद्धत हार मानायला शिकवत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज यांनी १९८०च्या दशकात ती मांडायला घेतली, तेव्हापासून मुद्दा एकच : नकोशा विचाराशी कुस्ती खेळत बसू नका, त्याला जागा द्या आणि आपल्या कामाला लागा. म्हणून तर तिचं लघुरूप अक्षरं सुटी न करता ‘ॲक्ट’ असं म्हणतात, म्हणजे कृती. मी ‘सामावून घेणं’ म्हणेन.

जाता जाता, ट्रायलला ‘तुलना-चाचणी’ म्हणा. प्रोस्टेट बायोप्सीवरच्या २०१८च्या ‘प्रिसिजन’ नावाच्या ट्रायलमध्ये ५०० पुरुष होते. एका गटाचा आधी एमआरआय आणि संशय असेल तिथंच सुई, दुसऱ्याची नेहमीची बायोप्सी. दखल घ्यावी असा कॅन्सर पहिल्या गटात ३८ टक्क्यांना सापडला, दुसऱ्यात २६. हे दोन आकडे शेजारी ठेवायचे, त्यालाच ट्रायल म्हणतात.

प्रतिसाद, खानापूर : वृषणामागच्या त्या जागेला ‘मूलाधार’ चालेल. योगाच्या वर्गाला जाणाऱ्यांना सांगावं लागणार नाही. मामा जातात का?

मूळ प्रश्नकर्ता : मामा योगाला नाही, गोठ्यात जातात. सगळे शब्द त्यांना वाचून दाखवले. ‘वसा’ आवडला. ‘पत्करणं’ ऐकून म्हणाले, ते जामीन राहताना. ‘सामावून घेणं’ त्यांच्या मते सुनेला. मग तुम्ही काय म्हणाल, विचारलं, तर चप्पल शोधत म्हणाले, “भीती हाय की. असू दे. म्हशीला पाणी कोण दाखवणार?”