क्यूब पास, तरी रस्त्यावर धूळ का सुटते?

प्रश्न: कोकणात काँक्रीट रस्त्यावर साइट इंजिनिअर आहे. एम ४० (४० मेगापास्कल ताकदीचं काँक्रीट) चे क्यूब, म्हणजे दाबून ताकद तपासायचे ठोकळे, २८ दिवसांना छान पास झाले. तरी वरचा थर भुकटीसारखा सुटतोय. सिमेंट वाढवायचं का?

उत्तर १: अजिबात नको! आकसून भेगा पडतील. क्यूब टाकीतल्या पाण्यात २७ अंशांना मुरतो, तुमचा स्लॅब उन्हावाऱ्यात. फिनिशिंग करताना मिस्त्री वरून पाणी शिंपडत होते का? क्युरिंग कंपाउंड (ओल टिकवणारा फवारा) कधी मारलं?

प्रश्नकर्ता: पाणी शिंपडत होते, हो. कंपाउंड दुसऱ्या दिवशी. आरसीपीटी (पोलाद गंजवणारं क्लोराइड किती झिरपेल याची चाचणी) करू का?

उत्तर १: मग धुळीचं कारण त्या पाण्यात नि उशिरा मारलेल्या कंपाउंडमध्येच असावं. आरसीपीटी ६० व्होल्टवर ६ तास चालते, किती कूलंब वीज गेली त्यावरून क्लोराइडला किती वाट आहे याचा अंदाज येतो. खाडीपुलाला जरूर करा. तुमच्या स्लॅबमध्ये पोलाद म्हणजे सांध्यांतल्या सळ्या, डॉवेल नि टाय बार, तिथे धुळीचं उत्तर मिळणार नाही. कोअर (स्लॅबमधून कापलेला दंडगोल नमुना) काढून वरचे काही मिलिमीटर नीट बघा. पुढच्या पट्ट्यात वरच्या पाण्याची चकाकी जाताच कंपाउंड मारा, मग ओली गोणपाटं.

उत्तर २: नमुन्याचे बीमही लॅबमध्ये तोडून घ्या. स्लॅबचं डिझाइन फ्लेक्सरवर (वाकताना टिकणाऱ्या ताकदीवर) असतं. आणि लॅबकडे आयएस ५१६ (काँक्रीटच्या ताकद चाचण्यांचं भारतीय मानक) ची २०२१ ची आवृत्ती आहे ना, विचारा. आमच्याकडे अजून १९५९ चीच प्रत फिरते, फार वाईट वाटतं.