क्लचप्लेटा गेल्यात हे उघडायच्या आधी कसं ओळखायचं?

चिखलप्रेमी_पुणे:
मंडळी, २०० सीसीची ऑफरोड गाडी आहे, सेकंडहँड, आधीच्या मालकाने किती पिळलीये देव जाणे. पावसाळ्यात मुळशीकडचे कच्चे रस्ते आणि बाकी आठवडाभर सिंहगड रोडचं ट्रॅफिक. हल्ली कात्रजच्या जुन्या बोगद्याकडे चढताना चौथ्यात थ्रॉटल पिळला की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी त्या मानाने पळत नाही. पहिल्या-दुसऱ्यात काहीच जाणवत नाही. गॅरेजवाल्याने गल्लीच्या टोकापर्यंत चक्कर मारली आणि म्हणाला प्लेटा गेल्या, पूर्ण सेट टाका. असतीलही गेल्या, पण न उघडता कसं कळतं? आणि साधारण किती किमीला बदलतात?

घाटवेडा:
किमीचं सोड भावा. हायवे मारणाऱ्याच्या प्लेटा वर्षानुवर्षं चालतात आणि चिखलात हाफ क्लचवर गाडी रेटणारा त्याच एका पावसाळ्यात जाळून मोकळा होतो. तू सांगतोयस ते स्लिपचंच (प्लेटा पकड न घेता घसरण्याचं) लक्षण आहे, वरच्या गिअरला आधी दिसतं कारण खालच्यात गाडी पटकन उचलते आणि प्लेटांवर ताण टिकत नाही. पण खिशात हात घालायच्या आधी क्लच लिव्हरचा प्ले (ढिलेपणा) बघ. टोकाशी साधारण १० ते १५ मिमी ढिला हवा, तुझ्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधे असेल. प्ले शून्य असेल तर क्लच कायम थोडासा दाबलेलाच राहतो आणि चांगल्या प्लेटाही स्लिप होतात. हँडल दोन्ही बाजूला पूर्ण वळवून पण बघ, केबल ताणली जात असेल तर तिथेच कळेल. (हायड्रॉलिक क्लचवाल्यांनी हे सोडून द्या, तुमचं गणित वेगळं.)
प्ले नीट करून मग रिकाम्या रस्त्यावर चौथ्यात कमी आरपीएमवरून एकदम फुल थ्रॉटल दे. आरपीएमचा काटा वर आणि स्पीड तिथेच, म्हणजे स्लिप.

टूलबॉक्स:
ऑइल कुठलं आहे ते आधी सांग. कारचं ऑइल टाकलंय का कोणी? वेट क्लच असतो ना, प्लेटा इंजिन ऑइलमधेच बुडालेल्या, आणि कारच्या बऱ्याच ऑइलात घर्षण कमी करणारी अॅडिटिव्ह असतात, त्याने प्लेटा पकडच घेत नाहीत. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (वेट क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं बघूनच घे. ऑइल काढशील तेव्हा वास घेऊन बघ, जळका वास आला तर प्लेटा भाजल्यात समज.
आणि उलटी केस पण असते, म्हणजे क्लच दाबूनही गाडी पुढे सरकते, सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही. ते स्लिप नाही, ड्रॅग. तिथे वाकलेली स्टील प्लेट, खाच पडलेली बास्केट (प्लेटा ज्यात बसतात तो डबा) किंवा केबलचा प्ले जास्त, यातलं काहीतरी.

जुना_मेकॅनिक:
दोघांचं बरोबर. प्ले आणि ऑइल ठीक असून स्लिप होत असेल तरच उघड. गाडी डाव्या अंगावर नीट टेकवून ठेवलीस तर बहुतेक गाड्यांत ऑइल न काढता उजवं कव्हर निघतं. फ्रिक्शन प्लेट व्हर्नियरने चार ठिकाणी मोजायची, एकाच ठिकाणी मोजून चालत नाही. नवी साधारण ३ मिमीची असली तर दोन-तीन दशांश झिजली की बहुधा लिमिट आलं, नक्की आकडा मॅन्युअलचाच धर. स्टील प्लेटेवर निळे डाग म्हणजे तापलेली. ती काचेवर ठेव आणि खालून फीलर गेज (ठराविक जाडीच्या पात्यांचं माप) घाल, लिमिटपेक्षा जाड पान आत गेलं तर वाकलीये. स्प्रिंगची लांबी मोजायला लोक हमखास विसरतात, प्लेटा धडधाकट पण स्प्रिंगा बसलेल्या, असं पुष्कळदा निघतं. बास्केटच्या दात्यांवरून नखही फिरव, खाचेत अडकलं तर नुसत्या नव्या प्लेटा टाकून क्लच गुळगुळीत चालायचा नाही.
नव्या प्लेटा कोरड्या बसवायच्या नाहीत, रात्रभर इंजिन ऑइलमधे भिजव. स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करत टॉर्क रेंचने आवळ, बारीक असतात, जोर लावलास की तुटतात.

चिखलप्रेमी_पुणे:
काका, लय धन्यवाद. प्ले खरंच शून्य होता, तो सोडला. ऑइल एमए२ च आहे, पण वास जळकाच. घाटात आता जरा सुधारलंय तरी चौथ्यात काटा उडतोच, म्हणजे उघडावंच लागणार. रविवारी मित्राचा व्हर्नियर घेऊन बसतो. नाना पेठेतून स्प्रिंगा आणि प्लेटा दोन्ही आधीच आणून ठेवू का?

जुना_मेकॅनिक:
आधी मोज, मग आण. कव्हरचं गॅस्केट तेवढं आजच घेऊन ठेव, जुनं अर्धं चिकटून फाटतंच. खरवडताना स्क्रू ड्रायव्हर वापरू नकोस, अॅल्युमिनियमवर चरा पडला की तिथून ऑइल गळत बसतं.